जखमेतली आसडी : कोणत्या माशीची?

पावसाळा सुरू झाला की दरवर्षी माझ्या दवाखान्यात असा एखादा तरी रुग्ण येतो. घरची माणसे दार लोटून घेतात आणि आवाज खाली करून सांगतात, "डाक्टर, जखमेत किडे पडलेत. कुणाला सांगू नका." "तुझ्या अंगात किडे पडतील" हा आपल्याकडे शाप समजला जातो, म्हणून ही लाज. या लाजेपायी दोन-तीन दिवस वाया जातात आणि उपचाराच्या दृष्टीने तेच दिवस मोलाचे असतात.

काही वर्षांपूर्वीचा माझा अनुभव सांगतो. सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या. मधुमेहामुळे त्यांच्या पायांची संवेदना गेली होती. टाचेच्या भेगेची जखम झाली होती आणि तीत अळ्या दिसत होत्या. वर दिसल्या तेवढ्या पंधरा-वीस मी चिमट्याने काढल्या, जखम धुऊन पट्टी बांधली आणि परवा यायला सांगितले. अळ्या सडके मांस खाऊन जखम स्वच्छ करतात असे मी वाचले होते, त्यामुळे घाई वाटली नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी मुलगा त्यांना पाठकुळी घेऊन आला. पट्टी रक्ताने भिजली होती. सोडून पाहिली तर जखम कालच्यापेक्षा खोल गेली होती आणि आत पुन्हा अळ्या वळवळत होत्या.

आदल्या दिवशीच्या अळ्या मी स्पिरिटच्या बाटलीत ठेवल्या होत्या. त्या आमच्या गावच्या पशुवैद्यक मित्राला दाखवल्या. भिंगातून पाहून ते म्हणाले, "ही उकिरड्यावरची माशी नव्हे. ही आमच्या गुरांची आसडी. हिला जिवंत मांस लागतं." चूक माझी होती. अळी दिसली, पण ती कोणाची हे मी पाहिलेच नव्हते.

सगळ्या अळ्या सारख्या नसतात

माशीच्या अळ्यांनी शरीरात घर करण्याला वैद्यकीय भाषेत मायासिस म्हणतात. काही माश्या घाण वाटणाऱ्या, कुजलेल्या जखमेकडे आकर्षित होतात आणि त्यांच्या अळ्या मुख्यतः मेलेले मांस खातात. मी वाचलेली 'जखम साफ करणारी' अळी ही ल्युसिलिया जातीच्या माशीची. ती प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरतात.

आजींच्या पायातली माशी वेगळी होती. तिचे नाव क्रायसोमिया बेझियाना. व्हिलनव्ह या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१४ साली तिला हे नाव दिले. आपल्या देशात माणसाच्या व जनावरांच्या जखमांत ही माशी सर्रास आढळते, हे पॅटन यांनी १९२० साली दाखवून दिले. ही माशी जिवंत, उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या जखमेच्या कडेलाच अंडी घालते, एका वेळी साधारण दीडशे ते दोनशे. जखम मोठी असावी लागत नाही. वासराची ओली नाळ किंवा गोचीड चावल्याची खूणसुद्धा तिला पुरते. दिवसभरात अळ्या बाहेर पडतात, पाच ते सात दिवस मांस खातात आणि मग जमिनीवर पडून मातीत कोष करतात.

माशी कशी दिसते?

घरमाशी करडी असते आणि तिच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात. मांसमाशी तिच्याहून मोठी, पाठीवर तीन पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी. आपली ही माशी चकचकीत निळी-हिरवी, सुमारे एक सेंटिमीटर लांब, चेहरा पिवळट-नारिंगी.

पण नुसत्या रंगावर जाऊ नये. मासळीबाजारात घोंघावणारी मोठी हिरवी-निळी माशी हिची सख्खी बहीण शोभेल, पण ती मेलेल्या मांसावर वाढते. दोघींतला फरक पंखाच्या बुडाशी असलेल्या छोट्या पाळीत असतो. आपल्या माशीची पाळी मेणासारखी पांढरी, बाजारातल्या माशीची काळपट.

अळी कशी ओळखावी?

रुग्णाच्या घरी माशी क्वचितच सापडते. हाती येते ती अळी. तिचे निमुळते टोक म्हणजे तोंड. तिथे दोन काळे आकडे असतात. रुंद टोकावर दोन काळपट ठिपके दिसतात. लोक त्यांना डोळे समजतात. वास्तविक ती श्वास घेण्याची छिद्रे आहेत. म्हणूनच ही अळी तोंड मांसात खुपसून, शेपूट वर ठेवून बसते. जखमेत नुसते ठिपके दिसले, तर खाली अळ्यांची गर्दी आहे असे समजावे.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ठिपक्यात तीन सरळ फटी दिसतात आणि भोवतालचे कडे एका बाजूला उघडे असते. घरमाशीच्या अळीत या फटी नागमोडी असतात, तर मांसमाशीत ठिपके खोल खड्ड्यात बसलेले असतात. शिवाय आपल्या अळीच्या अंगावर बारीक काट्यांचे पट्टे असतात, त्यामुळे ती स्क्रूच्या आट्यांसारखी दिसते. इंग्रजीत तिला स्क्रूवर्म म्हणतात ते यामुळेच.

काय करावे?

ही तपासणी डॉक्टरांचे काम आहे. आपण एवढेच करा : एक-दोन अळ्या बाटलीत घालून सोबत आणा आणि त्याच दिवशी या. गरम पाण्यात मारून मग स्पिरिटमध्ये ठेवल्या तर त्या चांगल्या टिकतात. मात्र बाटलीसाठी खोळंबू नका.

जखमेत रॉकेल, फिनाईल किंवा गोठ्यातली औषधी पावडर टाकू नका. गुरांच्या जखमेत सीताफळाचा पाला वाटून भरतात, तो माणसाला नको. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

दवाखान्यात टर्पेंटाइनची पट्टी थोडा वेळ ठेवली की श्वास कोंडून अळ्या वर येतात; मग त्या एकेक करून काढतात. एका दिवसात काम संपत नाही, रोज यावे लागते. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गरजेनुसार आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टर देतात.

नाकातून रक्तमिश्रित, घाण वासाचा स्राव, आत काहीतरी वळवळल्यासारखे वाटणे, चेहऱ्यावर सूज ही लक्षणे असतील तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तिथून डोळा आणि मेंदू दूर नाही.

मधुमेही, महारोगातून बरे झालेले आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांना जखमेची वेदनाच कळत नाही, किंवा कळली तरी माशी हाकलता येत नाही. त्यांचे पाय, पाठ आणि कान घरच्यांनी रोज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात पाहावेत. लहानशी जखमही झाकून ठेवावी. गोठ्यातल्या जनावराला आसडी पडली असेल तर त्याचाही उपचार त्याच दिवशी करावा. पुढची माशी तिथूनच उठते.

आजींच्या टाचेतून चार दिवसांत साठाहून अधिक अळ्या निघाल्या. पुढे शस्त्रक्रिया तज्ज्ञांनी जखम साफ केली आणि पाय वाचला. जाताना त्यांनी विचारले, "माझं काय पाप होतं, डाक्टर?" मी म्हणालो, "पाप नाही, आजी. टाचेला भेग होती आणि ती उघडी राहिली."