गटाचे गुण, एकेकाचा वाटा

अभियांत्रिकीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बहुधा चार-पाच जणांचा गट मिळून करतो. गाइडला तयार यंत्र दिसते आणि व्हायवातली उत्तरे ऐकू येतात. सर्किट कोणी जोडले, अहवाल कोणी लिहिला आणि सही करायला तेवढे कोण आले, हे मात्र गटातल्या पोरांनाच ठाऊक असते. सहाध्यायी मूल्यमापनाची साधने ही माहिती त्यांच्याकडून काढून घेतात.

संघात अंग चोरण्याची सवय जुनीच आहे. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमन याने दोर ओढण्याचे प्रयोग केले. ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो, असे त्यात आढळले. तरी सांघिक काम शिकवणे आता भागच आहे. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये स्थायी सदस्य झाला. सांघिक काम हा त्या करारातला पदवीधराचा स्वतंत्र गुण आहे, म्हणून त्याखालील मान्यता हवी असलेल्या कॉलेजांना तो मोजणे टाळता येत नाही.

ब्रिटनच्या लफबरो विद्यापीठातील ‘वेबपीए’ या साधनाची पद्धत सोपी आहे. समजा, वाशिमच्या चार विद्यार्थ्यांनी हरभऱ्याच्या शेतातला ओलावा पाहून तुषार संचाचा पंप चालू-बंद करणारे यंत्र बनवले आणि गटाला १०० पैकी ८० गुण मिळाले. प्रत्येकाने स्वतःसह चौघांना दिलेल्या गुणांची बेरीज १ होईल असे प्रमाण काढतात. मग प्रत्येकाला चौघांकडून मिळालेल्या अंशांची बेरीज म्हणजे त्याचा गुणक. सगळ्यांचे काम सारखे असेल तर प्रत्येकाचा गुणक १ येतो. इथे सर्किट जोडणाऱ्याला १.२०, दोघांना १.०५ आणि सतत गैरहजर राहणाऱ्याला ०.७० मिळाले. ८० पैकी ४० गुण सर्वांना सारखे ठेवून उरलेल्या ४० ला गुणकाने गुणले, की त्यांचे गुण अनुक्रमे ८८, ८२, ८२ आणि ६८ होतात. हे गणित साध्या एक्सेलमध्येही बसते.

खरी अडचण दोस्तीची आहे. अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतून आलेली पोरे हॉस्टेलवर एका खोलीत राहतात आणि गटही तिथेच जमतो. मग सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात. नाव गुप्त ठेवले तरी चौघांत अंदाज लागतोच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाशी जोडलेले ‘कॅटमी’ हे साधन यावर चांगला उपाय करते. ‘चांगला की वाईट’ असे न विचारता ते वागणुकीची वर्णने समोर ठेवते: ठरलेले काम वेळेवर देतो का, दुसऱ्याचे म्हणणे ऐकतो का, काम रेंगाळले की गटाला सावध करतो का. स्वतःला फुगवून गुण देणारा किंवा आपसात गुण वाटणारी जोडी यांच्याकडेही ते शिक्षकाचे लक्ष वेधते.

हे मूल्यमापन फक्त वर्षअखेरीस झाले तर ते शिक्षाच ठरते. सत्राच्या मध्यावर एक फेरी झाली, तर मागे पडलेल्याला गाइड बोलावून विचारू शकतो. घरची पेरणी-सोंगणी, आजारपण किंवा विषय न कळणे, असे कारण बरेचदा निघते. त्यावर मार्ग काढायला तेव्हा अजून वेळ असतो. शेवटच्या फेरीत गुणक १ पासून फार दूर गेला, तर त्या विद्यार्थ्याची कामाची वही पाहून आणि त्याच्याशी बोलूनच गुण पक्के करावेत.