ओटावा करारातून निर्गमन आणि खानदेशचा कापूस

ब्रिटिश साम्राज्यातील देशांनी परस्परांच्या मालास जकातीत सवलत द्यावी, हे तत्त्व १९३२ साली कॅनडातील ओटावा येथे करारबद्ध झाले. सर अतुल चटर्जी यांच्या नेतृत्वाखालील हिंदी शिष्टमंडळाने २० ऑगस्ट रोजी ब्रिटनशी करार केला. त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय मध्यवर्ती कायदेमंडळाने ३० मार्च १९३६ रोजी दिला. परंतु त्या कराराची जागा दुसऱ्या कराराने घेईपर्यंत तीन वर्षे लोटली. ही दिरंगाई निव्वळ अनास्थेची होती असे मानणे अपुरे ठरेल. तिचे मूळ राज्यघटनेत होते. तिची झळ कोणास लागली हे मात्र दिल्लीपेक्षा भुसावळहून अधिक स्पष्ट दिसते.

भुसावळ हे मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गाला नागपूर व इटारसी असे दोन फाटे फुटण्याचे ठिकाण. पूर्व खानदेशातील जिनांत सरकी काढलेला आणि प्रेसमध्ये दाबलेला कापूस गासड्यांच्या रूपाने याच मार्गाने मुंबईस जाई. तेथील बाजारात वऱ्हाड-खानदेशचा हा माल ‘ऊमरा’ या वर्गात मोडे. त्याचा धागा आखूड. लँकेशायरच्या गिरण्या लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाला सरावलेल्या असल्याने त्यांना तो फारसा चालत नसे. जपानी गिरण्या मात्र लांब धाग्याशी मिसळून तो मोठ्या प्रमाणावर वापरीत. शिवाय कच्चा कापूस ब्रिटनमध्ये मुळातच जकातीवाचून जात असल्यामुळे ओटावा करारात त्याला देण्याजोगी सवलतच उरली नव्हती. हिंदी कापसाचा वापर वाढविण्यास साहाय्य करू, एवढे आश्वासन पदरात पडले. जवसासारख्या पिकास लाभ झाला हे खरे. परंतु कापूस पिकविणाऱ्याचा खरा प्रश्न साम्राज्याबाहेरील गिऱ्हाईक टिकविण्याचा होता.

तो किती नाजूक होता हे १९३३ मध्ये दिसले. स्वस्त जपानी कापडाच्या लोंढ्यामुळे हिंदुस्थान सरकारने एप्रिलमध्ये १९०४ चा जपानबरोबरचा व्यापारी करार मोडण्याची नोटीस दिली व जूनमध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरणीमालकांनी हिंदी कापसावर बहिष्कार घालून उत्तर दिले. जानेवारी १९३४ मध्ये जी तडजोड झाली तिचा आशय बोलका आहे : जपानने दहा लाख गासड्या घ्याव्यात, तर त्याला साडेबत्तीस कोटी वार कापड पाठविता यावे. गिरणीचे संरक्षण आणि शेतकऱ्याची विक्री ही एकाच तराजूची दोन पारडी असल्याचे येथे सरकारनेच मान्य केले होते.

ओटावा कराराबाबत तीन वर्षांनंतर कायदेमंडळाचा कौल मानण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. १९३४ च्या निवडणुकीनंतर सभागृहाचे स्वरूप पालटले होते, आणि जीना यांच्या उपसूचनेने करार संपुष्टात आणून ब्रिटन व इतर देशांशी स्वतंत्र द्विपक्षीय करारांची शक्यता अजमावावी असे ठरले. मे महिन्यात नोटीस दिली गेली. अडचण येथून पुढची आहे. जकातविषयक स्वायत्ततेचा जो संकेत १९१९ नंतर रूढ झाला त्यानुसार, हिंदुस्थान सरकार व कायदेमंडळ यांचे एकमत असेल तेव्हा भारतमंत्र्यांनी हस्तक्षेप करावयाचा नव्हता. एकमत नसेल तर काय, याचे उत्तर त्या संकेतात नव्हते. जुना करार मोडण्यास सभागृहाचे मत पुरले. नवा करार कोणत्या अटींवर करावयाचा हे मात्र त्या सभागृहास जबाबदार नसलेल्या सरकारच्या हाती राहिले. नोटिशीची सहा महिन्यांची मुदत नोव्हेंबर १९३६ मध्ये संपली, तरी करार तात्पुरत्या व्यवस्थेने चालूच राहिला.

नोव्हेंबर म्हणजे खानदेशात वेचणीचा हंगाम. सावकाराचे देणे आणि सरकारचा सारा, दोन्ही त्याच पैशातून भागवावयाचे. मंदीने भाव कोसळलेल्या त्या दशकात भावी व्यापारनीतीबद्दलची अनिश्चितता हा वाढीव बोजाच होता. त्याच वर्षी डिसेंबरात भुसावळच्या उत्तरेस, तापीपलीकडील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि तेथील शेतीविषयक कार्यक्रमात कर्ज व सारा यांनाच प्राधान्य मिळाले, हे स्वाभाविक होते.

पुढील वाटाघाटींत घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई आदी बिनसरकारी सल्लागार नेमले गेले. ब्रिटनच्या अटी त्यांना पसंत पडल्या नाहीत. मे १९३८ मध्ये लँकेशायरचे प्रतिनिधी सिमल्यास आले व हात हलवीत परतले. (त्याच ब्रिटनला पुढे युरोपीय संघातून बाहेर पडण्यास जून २०१६ च्या सार्वमतापासून जानेवारी २०२० पर्यंत वेळ लागला; तेथे निदान पार्लमेंट सरकारला अडवू शकत होते.) मार्च १९३९ मध्ये नवा करार झाला. ब्रिटन किती हिंदी कापूस उचलतो यावर ब्रिटिश कापडावरील जकात अवलंबून ठेवण्यात आली, आणि त्यासाठी पहिल्या वर्षी पाच लाख गासड्यांचे प्रमाण धरले गेले. जपानशी केलेल्या तडजोडीतील दहा लाखांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. कायदेमंडळाने करार फेटाळला. तरीही तो अमलात आला.

जुलै १९४१ मध्ये साम्राज्यभर जपानी मालमत्ता गोठविण्यात आली आणि आखूड धाग्याच्या कापसाचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक नाहीसे झाले.