आवर्तन कधी सुटणार?

हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी सकाळी सहाला भरलेली असते. लवकर उठणारे दोन-दोन बादल्या अंगावर ओततात आणि नऊला उठणारा तोंडात पेस्ट घेऊन कोरड्या नळाकडे बघत बसतो. टाकी लहान नसते, फक्त कुणी किती घ्यायचं हे ठरलेलं नसतं. धरणाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की ही टाकी वर्षातून एकदाच भरते.

आमच्या निमोण्याच्या (ता. शिरूर) शेजारी घोड नदीवर चिंचणीचं धरण आहे. उपयुक्त साठा पाच टीएमसीच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण 2830 कोटी लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण वाटेकरीही खूप. उजवा कालवा शिरूरच्या बाजूला, डावा श्रीगोंद्याकडे, फुगवट्यावरच्या मोटारी, गावांच्या पाणीयोजना आणि रांजणगावची एमआयडीसी. शिवाय बाष्पीभवन. त्याला तर मागणी अर्जही भरावा लागत नाही!

मग वाटप कसं करतात? सिंचन वर्ष 1 जुलै ते 30 जून. पावसाळा संपला की 15 ऑक्टोबरचा साठा धरून हिशोब मांडतात आणि कालवा सल्लागार समितीत रब्बीची व उन्हाळी आवर्तनं ठरतात. पिण्याचं पाणी आधी बाजूला. त्यानंतर कोण? राज्याच्या 2003 च्या जलनीतीत दुसरा नंबर उद्योगांचा होता, 2011 मध्ये तो शेतीला मिळाला.

आता थोडं गणित करू. समजा, पिण्याचं, उद्योगाचं आणि बाष्पीभवनाचं वजा जाता 3.5 टीएमसी उरलं. कालव्यात 500 क्युसेकने 25 दिवस पाणी सोडलं तर 1.08 टीएमसी लागतं. म्हणजे तीन आवर्तनं आरामात बसतात. पण पहिली दोन प्रत्येकी आठ दिवसांनी लांबली, तर तिसऱ्याला फक्त 0.65 टीएमसी उरतं, म्हणजे जेमतेम 15 दिवस. तेवढ्यात पाणी टेलच्या गावांपर्यंत पोचेलच असं नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात उभा ऊस एका पाळीसाठी वाळतो, तो असा. आणि चूक झालेली असते डिसेंबरमध्ये!

यासाठी इंजिनिअर लोक महिन्यावार एक रेषा काढतात. अमुक तारखेला साठा एवढा हवाच. साठा त्या रेषेखाली गेला, की सगळ्यांचं थोडं-थोडं आधीच कापायचं. जानेवारीत दहा टक्के कमी मिळालं तर कुरकुर होते, एप्रिलमध्ये काहीच नाही मिळालं तर पीक जातं. पावसाळ्यात उलटा पेच असतो. धरण लवकर भरून ठेवलं तर पुराला जागा राहत नाही, जागा ठेवली आणि पाऊस थांबला तर धरण अर्धं राहतं. त्यातून आमच्या वरच्या अंगाला डिंभे आणि कुकडी प्रकल्पाची धरणं, खाली भीमा आणि उजनी. त्यामुळे एकट्या चिंचणीचा विचार करून भागत नाही.

आई फोनवर दर वेळी विचारते, "काय रे, आवर्तन कधी सुटणार?" आता मी तिला म्हणतो, "कधी सुटणार ते विचार, पण बंद कधी होणार तेही विचार. आपली उन्हाळ्यातली पाळी त्यावरच आहे."