कंपनीविना गाणे : ग्लासगोपासून अरणगावपर्यंत

भिंगारमध्ये 'बँड' हा शब्द उच्चारला की लष्करी संचलनातला किंवा लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांपुढे येतो. गिटार, ड्रम आणि स्वतः रचलेली गाणी घेऊन उभा राहणारा रॉक बँड ही त्या मानाने नवलाईची गोष्ट. त्यामुळे स्कॉटलंडमधील एखाद्या 'अनसाइन्ड इंडी बँड'चे नवे गाणे आले, असे कानावर आले की दोन प्रश्न हमखास पडतात. 'अनसाइन्ड' म्हणजे नेमके काय? आणि पाठीशी कंपनी नसताना असे गाणे श्रोत्यांपर्यंत पोहोचते तरी कसे? या उत्तराचा एक धागा भिंगारपासून फार दूर नाही. तो नगर-दौंड रस्त्यावरील अरणगावात सापडतो.

अरणगावच्या जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर १९२३ मध्ये मेहेरबाबा आपल्या अनुयायांसह आले आणि तेथे मेहेराबाद उभे राहिले. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी झालेल्या निधनापर्यंत ते पाळले. या मौनी पुरुषाच्या अनुयायांत 'द हू' या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक व गीतकार पीट टाउनशेंड होता, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. कारण १९७६ च्या लंडनमधील कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज नोंदवला गेल्याने याच बँडला गिनेस बुकात जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून स्थान मिळाले होते! 'बाबा ओ'रायली' या १९७१ च्या गाजलेल्या गाण्याच्या नावातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबाच. 'रायली' हे नाव टेरी रायली या अमेरिकी संगीतकाराचे.

'द हू' हा काही करारमुक्त बँड नव्हता. मात्र १९७० मध्ये मेहेरबाबांच्या जन्मदिनानिमित्त टाउनशेंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'हॅपी बर्थडे' ही तबकडी खासगीरीत्या, मर्यादित प्रतींत काढली. १९७२ मध्ये 'आय अ‍ॅम' ही दुसरी तबकडी तशीच निघाली. मेहेरबाबांच्या प्रार्थनेवर आधारलेले 'परवरदिगार' हे गाणे तिच्यात होते. या तबकड्यांच्या चोरट्या नकला अमेरिकेत फिरू लागल्या, तेव्हा कंपनीलाही त्यांत रस वाटू लागला. अखेर १९७२ मध्येच 'हू केम फर्स्ट' हा संग्रह रीतसर प्रसिद्ध झाला. आधी गाणे, मग श्रोते आणि शेवटी कंपनी, असा हा उलटा क्रम होता.

ग्लासगोचा धडा

हाच क्रम पुढे स्वतंत्र, म्हणजे 'इंडी' संगीताचा पाया ठरला. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये उसनवारीच्या पैशांतून आपली पहिली तबकडी स्वतःच काढली. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९७९ मध्ये अ‍ॅलन हॉर्न याने 'पोस्टकार्ड' ही चिमुकली संस्था सुरू केली. ऑरेंज ज्यूस या बँडची पहिली तबकडी तिनेच १९८० मध्ये आणली. संस्था १९८१ मध्ये थंडावली, पण लंडनच्या मोठ्या कंपनीच्या दारी न जाताही गाणे निघू शकते, हे तिने दाखवून दिले. आज तबकडीची जागा संगणकातील फाइलने घेतली आहे. ठरावीक शुल्क किंवा उत्पन्नाचा वाटा घेऊन वितरक संस्था एखादे गाणे स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोहोचवतात. ग्लासगोतील बँडला जी सोय उपलब्ध आहे, तीच भिंगारमधील मुलांनाही आहे.

गाण्याचे मालक कोण?

खरी अडचण पुढे येते. एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन स्वतंत्र मालमत्ता असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शब्द व चाल यांचे हक्क सर्वसाधारणपणे प्रथम गीतकार आणि संगीतकाराकडे असतात. ते त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते करण्याचा पुढाकार व जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याकडे जातो आणि प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. स्वतःच्या खर्चाने गाणे मुद्रित करणारा बँड या तिन्हींचा धनी असू शकतो. कंपनीशी करार होतो तेव्हा यांपैकी काय आणि किती काळासाठी दिले जात आहे, हाच कळीचा प्रश्न असतो.

हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असणे कायद्याने आवश्यक आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मोठे संरक्षण दिले. गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीतील समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तसे कलम करारात असले तरी ते निरर्थक ठरते. ही रॉयल्टी गोळा करून वाटण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. मात्र त्यासाठी सदस्य होऊन आपल्या रचनांची नोंद तिच्याकडे करावी लागते.

स्वातंत्र्याची किंमत

करार नाही याचा अर्थ अडचणी नाहीत, असा मुळीच नाही. मुद्रणाचा खर्च, प्रसिद्धी, कार्यक्रमांची जुळवाजुळव हे सारे बँडलाच निभवावे लागते. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणापोटी मोबदला मिळत नाही. नवख्या बँडला हा उंबरठा चढण जडच जाते. कंपनी पैसा आणि ओळखी पुरवते, पण त्याबदल्यात मालकी मागते. दोन्ही पर्यायांत काहीतरी गमवावे लागतेच.

म्हणूनच गॅरेजमध्ये वा गच्चीवर सराव करणाऱ्या मुलांनी पहिले गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वी एक साधा कागद करावा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुद्रणाचा खर्च कोणी केला आणि उत्पन्नाचा वाटा कोणाला किती, हे त्यावर लिहून सर्वांनी स्वाक्षऱ्या कराव्यात. कंपनीची स्वाक्षरी नंतर कधीही घेता येईल. एकमेकांची मात्र मैत्री शाबूत असतानाच घेतलेली बरी.