सुहृदाचे स्मरण

शेठ जमनालाल बजाज ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास अकस्मात निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते. त्याच महिन्यात गांधीजींनी त्यांच्या मित्रांना वर्ध्यास पाचारण केले. गोसेवा, खादी, ग्रामोद्योग, हरिजनसेवा अशी जी जी कामे दिवंगताने अंगावर घेतली होती, त्यांपैकी कोणते कोण उचलणार, हाच त्या बैठकीचा विषय होता. मित्राचे श्राद्ध याहून यथोचित कसे व्हावे, हे आम्हांस तरी सांगता येणार नाही. जमनालालजींच्या पुण्यस्मृतीस वंदन करताना ह्या बैठकीचेच स्मरण आम्हांस प्रथम होते.

जन्माने ते शेखावाटीतील सीकर संस्थानचे. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी काशी का बास ह्या खेड्यात एका साधारण घरात जन्मलेला हा मुलगा वर्ध्याचे धनिक व्यापारी बच्छराज बजाज यांनी नातू म्हणून दत्तक घेतला, आणि तेव्हापासून वऱ्हाड-नागपूरची काळी माती व तिच्यातील कापूस हीच त्याची कर्मभूमी झाली. लग्नास जाताना दागिने अंगावर घालण्यावरून आजोबांनी एकदा रागाच्या भरात आपल्या पैशाचा उच्चार केला. तेव्हा सतरा वर्षांच्या ह्या तरुणाने इस्टेटीवरील आपला सारा हक्क लेखी सोडून दिला व तो घराबाहेर पडला. पुढे समेट झाला, आजोबांच्या पश्चात इस्टेटही हाती आली. परंतु ती आपली नव्हे, ही जाणीव त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. वारशाच्या रकमेचा व्याजासह हिशेब मांडून ती त्यांनी सत्कार्यी लावली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. व्यापाऱ्याने वैराग्यसुद्धा कसे हिशेबीपणाने पाळावे, याचा हा नमुना होय!

व्यापार त्यांनी टाकला नाही. कापसाची पिढीजात पेढी त्यांनी वाढविली, १९३१ साली गोला गोकर्णनाथ येथे साखरेचा कारखाना उभारला. परंतु १९२० च्या नागपूर काँग्रेसचे स्वागताध्यक्षपद भूषविल्यानंतर, गांधीजींजवळ आपणास पाचवा पुत्र मानण्याची विनंती त्यांनी केली आणि पेढीचा अर्थच बदलला. सरकारने दिलेली रायबहादुरकी परत गेली. राष्ट्रसभेच्या खजिन्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात व १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. त्यांच्या आग्रहावरून विनोबा १९२१ साली वर्ध्यास आले. १९३४ मध्ये त्यांची वर्ध्याची बाग ग्रामोद्योग संघाच्या स्वाधीन झाली आणि ती मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावात राहावयास गेले, त्याची मालगुजारी मुख्यतः जमनालालजींकडेच होती. तेच आजचे सेवाग्राम.

धनदान हे धनिकास त्या मानाने सोपे असते. स्वजनांचा रोष पत्करणे कठीण. आजोबांनी बांधविलेले वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. सनातनी मारवाडी समाजाची पेढी, तिचे सोयरसंबंध, तिची पत ही सर्व ज्या जातीच्या मान्यतेवर उभी असते, तिचीच मर्जी त्यांनी येथे पणास लावली. देशातील अगदी आरंभीच्या मंदिरप्रवेशांत ह्याची गणना होते.

ह्या साऱ्यात कुटुंबाचे काय झाले, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येईल, व तो आलाच पाहिजे. समाजसेवकांच्या घरातील चुलीचा विचार गौरवलेखांत सहसा होत नाही. जमनालालजींनी घरास सेवेपासून दूर ठेवले नाही. सेवेसच घरात आणले. जानकीदेवींनी पडदा व दागिने टाकले, विदेशी वस्त्रांची होळी घरापासून झाली, मुलांना आश्रमाचे शिक्षण मिळाले आणि कन्येचा विवाह १९२६ साली साबरमती आश्रमात साधेपणाने लागला. वडिलांच्या वारंवारच्या तुरुंगवासाची झळ मुलांस लागली नसेल, असे कोण म्हणेल? स्वतः जमनालालजींनाही आपल्या उणिवांचा विसर पडला नव्हता. आपल्या मनाची दुर्बलता त्यांनी बापूंना लिहिलेल्या पत्रांतून निःसंकोचपणे उघड केली आहे. पतीच्या पश्चात गोसेवा संघाचे अध्यक्षपद अनेक वर्षे सांभाळणाऱ्या जानकीदेवींस १९५६ साली पद्मविभूषण मिळाले. घरच्या माणसांनी त्यांचे व्रत उचलले, ह्याहून त्या व्रताच्या खरेपणाचा दुसरा पुरावा कोणता?

धनिकांनी विश्वस्त व्हावे असे आपण लिहीत असू, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे हाच व्यापारी असे, अशा आशयाचे उद्गार गांधीजींनी त्यांच्या निधनानंतर काढले. आज ह्या विचाराची आठवण विशेष होण्यास कारण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. कायदा इष्टच आहे; त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या योजना उभ्या राहतात. परंतु दोन टक्के दिले म्हणजे उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांबद्दल कोणी जाब विचारू नये, अशी समजूत रूढ होऊ लागली, तर ती घातक ठरेल. नफा कसा मिळविला, मजुरास काय दिले, शेतकऱ्याचा माल कोणत्या मापाने मोजला, हे प्रश्न विश्वस्ताला चुकत नाहीत. जमनालालजींच्या खातेवहीत ‘माझे’ आणि ‘समाजाचे’ अशी दोन पाने नव्हती.

त्यांच्या नावाने १९६५ पासून मुंबईत व्यवस्थापनशास्त्राची संस्था चालते, १९७८ पासून रचनात्मक कार्यास पुरस्कार दिले जातात. नाव टिकले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु १९४२ च्या त्या बैठकीत मित्रांपुढे ठेवलेला प्रश्न अद्याप संपलेला नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयात असा एखादा दुकानदार, कारखानदार वा वकील असतो, जो घर सांभाळून, धंदा चोख ठेवून, वाचनालयाची वा वसतिगृहाची चिंता वाहतो. तो गेल्यावर आपण सभा भरवितो, तसबिरीस हार घालतो आणि त्याचे काम पोरके करून घरी परततो. हार घालण्यापूर्वी त्याच्या कामांची यादी करावी आणि तीतील एक तरी काम सभा उठण्याआधी कोणीतरी आपल्या शिरावर घ्यावे, इतकेच आमचे वाचकांस सांगणे आहे.