या घरात फितूर नाही

उत्तर वेल्समधल्या बेथेस्डा गावातून एकच मोठा रस्ता जातो. लंडनहून होलीहेड बंदराकडे, म्हणजे आयर्लंडच्या बोटींकडे जाणारा. टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला आणि गाव त्याच्या कडेने वाढत गेलं. या रस्त्यावरचे पब सगळे एकाच अंगाला. गावकरी त्याचं कारण सांगतात: समोरच्या अंगाची जमीन पेनरिनच्या जमीनदारांची होती, आणि आपल्या जमिनीवर दारूचा गुत्ता त्यांना चालत नसे. न चालणाऱ्या गोष्टींची त्यांची यादी पुढे बरीच लांबली. कामगार संघटना हे तिच्यातलं सगळ्यात ठळक नाव.

गावाचं नाव आलं ते १८२० साली बांधलेल्या चॅपेलवरून. या टापूत नेबो, कार्मेल, सेझारिया अशी बायबलातल्या नावांची गावं जागोजागी भेटतात. इथे चॅपेल आणि चर्च यांतला फरक आधीच सांगून ठेवायला हवा. चर्च म्हणजे तेव्हा इंग्लंडचं सरकारमान्य चर्च. जमीनदार आणि साहेबलोक तिथे जात. चॅपेल कामगारांनी वर्गणी काढून उभारलेलं, त्यातली प्रार्थना वेल्श भाषेत. रविवारी माणूस कुठल्या दारातून आत शिरतो यावरून तो कोणाचा हे कळत असे. पुढची सगळी कथा या दोन दारांमधली आहे.

गावाच्या डोक्यावर डोंगर कापून काढलेली पेनरिनची खाण आहे. दगड स्लेटचा. शाळेतल्या जुन्या पाटीचा दगड म्हटलं की आपल्याला लगेच ओळख पटते, पण वेल्समधून तो निघाला मुख्यतः छपरांसाठी. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी बसलेला चिखल दाबाखाली असा काही घट्ट झाला, की छिन्नी नेमकी लावली तर त्याचे पातळ, सरळ पापुद्रे सुटतात. पाणी न शोषणारा, शंभर-दीडशे वर्षं टिकणारा हा दगड औद्योगिक क्रांतीच्या काळात नेमका हाताशी आला. इंग्लंडमध्ये गिरण्या आणि त्यांच्याभोवती चाळीवजा घरं भराभर उठत होती, त्या सगळ्यांना छप्पर हवं होतं. १८९८च्या सुमारास वेल्सच्या स्लेट उद्योगात सुमारे १७ हजार माणसं होती आणि वर्षाला पाच लाख टनांच्या आसपास माल निघत होता. त्यात पेनरिनची खाण जगात सर्वांत मोठी: जवळजवळ मैलभर लांब, बाराशे फूट खोल, आणि कामावर तीन हजारांच्या घरात माणसं.

एवढी मोठी खाण उभी करायला भांडवल कुठून आलं? जमैकातून. रिचर्ड पेनंट हा लिव्हरपूलचा खासदार जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा आणि तिथे राबणाऱ्या शेकडो गुलामांचा मालक होता. गुलामांचा व्यापार बंद करू नये म्हणून तो पार्लमेंटमध्ये भांडला. साखरेतून आलेला पैसा त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस वेल्समधल्या आपल्या डोंगरात घातला. विखुरलेल्या छोट्या खाणी ताब्यात घेऊन एकत्र केल्या, रस्ते केले, बँगोरजवळ स्वतःचं बंदर बांधलं. १८०१ साली खाणीपासून बंदरापर्यंत घोड्यांनी ओढायची रेल्वेही सुरू झाली. त्याच्या वारसाने त्याच पैशातून पेनरिनचा अवाढव्य किल्ला बांधून घेतला. किल्ला दिसतो बाराव्या शतकातला, आहे एकोणिसाव्यातला. ब्रिटनने गुलामगिरी बंद केली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. या वारसाला जमैकातल्या ७६४ माणसांपोटी १४,६८३ पौंड मिळाले. त्या ७६४ जणांना काहीच मिळालं नाही.

खाणीतलं काम कसं चाले हे कळल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही. डोंगर प्रचंड पायऱ्यांसारखा कापलेला असे. एकेक पायरी साठेक फूट उंचीची. कड्यावर काम करणारा माणूस मांडीला साखळीचा वेढा देऊन लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडी. सुटलेले चिरे शेडमध्ये जात. तिथे एक जण छिन्नी आणि लाकडी मोगरीने त्यांचे पापुद्रे सोडवी, दुसरा कडा तासून ठरलेल्या मापात बसवी. या मापांची नावं ऐकण्यासारखी आहेत. चोवीस इंच बाय बारा ती ‘डचेस’, वीस बाय दहा ‘काउंटेस’, सोळा बाय आठ ‘लेडी’. ज्यांच्या घरी उभ्या जन्मात सरदारीण पाऊल टाकणार नाही, ती माणसं दिवसभर सरदारणी तासत बसत. मोजणीही मजेची होती. हजार स्लेट म्हणजे प्रत्यक्षात १,२६०: बाराशे आणि वर फुटतुटीपोटी साठ. ते हजार कोणाच्या फायद्याचे होते हे सांगायला नको. शिवाय एक टन चांगल्या स्लेटसाठी दहा टन किंवा त्याहून जास्त डबर निघे. गावाभोवती दिसणाऱ्या करड्या टेकड्या म्हणजे हेच डबर.

मजुरी रोजंदारीवर नव्हती. तीन-चार माणसांची टोळी कड्याचा सहा यार्डांचा पट्टा महिन्याभरासाठी उक्ता घेई. याला ‘बार्गेन’ म्हणत. दगड चांगला की भेगाळलेला हे पाहून टोळी आणि खाणीचा कारभारी यांच्यात दराची घासाघीस होई. खराब पट्ट्याला जादा दर, चांगल्याला कमी, म्हणजे कमाई साधारण सारखी पडावी, असा हिशोब. कारभाऱ्याची मर्जी बसली नाही तर टोळी महिनाभर उपाशी, ही त्यातली खोट. तरीही या माणसांना ही पद्धत प्राणापलीकडे प्रिय होती, कारण तिने त्यांना ठेकेदाराच्या हाताखालचे बिगारी होऊ दिलं नव्हतं. आपण कसबी आहोत, आपण दर ठरवतो, ही ताठ मान त्या घासाघिशीतून आली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे ‘काबान’ नावाच्या दगडी खोलीत जमत. तिथे चहा, आणि चहाबरोबर वादविवाद, कविता, गाण्याच्या स्पर्धा. रीतसर अध्यक्ष निवडून. या खोल्यांना कामगारांचं विद्यापीठ म्हणणारे बरेच आहेत. त्यात थोडी भावुकता असेल, पण फार नाही.

१८७४ साली उत्तर वेल्सच्या खाणकामगारांची संघटना स्थापन झाली आणि पेनरिनमध्ये कामगारांच्या समितीला मान्यताही मिळाली. पुढे पेनंट घराण्यातले दुसरे बॅरन, म्हणजे लॉर्ड, पेनरिन, जॉर्ज शोल्टो डग्लस-पेनंट, यांच्या हाती कारभार आला. माझी खाण, मी म्हणेन तसं चालेल, हे त्यांचं सरळ धोरण. त्यांनी समितीची मान्यता काढून घेतली. व्यवस्थापक म्हणून आणलेले ई. ए. यंग हे आकड्यांत मुरलेले गृहस्थ. बार्गेन मोडून मोठ्या ठेकेदारांना पट्टे देण्याकडे त्यांचा कल. १८९६-९७ मध्ये अकरा महिन्यांचा झगडा झाला आणि कामगार जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. १९०० साली खाणीच्या आवारात संघटनेची वर्गणी गोळा करायला बंदी आली. त्या शरदात काही ठेकेदारांना धक्काबुक्की झाली, २६ जणांवर खटला भरला, त्यांना पाठिंबा द्यायला बाकीचे काम टाकून बँगोरला चालत गेले, म्हणून सगळ्यांनाच चौदा दिवस घरी बसवलं. परत आले तर आठ टोळ्यांना पट्टेच दिलेले नाहीत. गुपचूप काम करा नाहीतर गुपचूप निघून जा, असा निरोप आला. २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २,८०० माणसं खाणीतून बाहेर पडली.

संप तीन वर्षं चालला.

पहिल्या सहा-सात महिन्यांत गाव एक होतं. तरुण दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींत जाऊन पैसे पाठवत होते. गावची गायनमंडळं, त्यातलं एक बायकांचं, ब्रिटनभर फिरून गाण्याचे कार्यक्रम करत आणि संपासाठी निधी जमवत. जून १९०१ मध्ये मालकांनी खाण पुन्हा उघडली. काही शे माणसं आत गेली. प्रत्येकाला एक सोन्याचं नाणं बक्षीस आणि मजुरीत वाढ मिळाली. त्या नाण्याला गावाने नाव दिलं ‘शेपटीचा पौंड’, शेपूट हलवल्याबद्दलचा. आणि मग घराघरांच्या खिडक्यांत छापील पाट्या लागल्या, त्यांचा अर्थ असा: या घरात फितूर नाही.

या पाटीची धार तिच्या असण्यात नाही, नसण्यात आहे. एकदा रस्त्यावरच्या बहुतेक खिडक्यांत ती लागली, की ज्या खिडकीत ती नाही ते घर आपोआप बोललं. कामावर गेलेल्यांच्या नावांच्या याद्या छापून आल्या. दुकानं वाटली गेली, पब वाटले गेले. चॅपेलमध्ये शेजारी बसायला माणसं तयार होईनात, तेव्हा कामावर जाणारे चर्चकडे वळले. भाऊ भावाशी बोलेना. दंगे झाले, सैन्य आलं. लॉर्डसाहेबांनी शेजारच्या ट्रेगार्थ गावात आपल्या माणसांसाठी नवी घरं बांधली. त्या रस्त्यालाही शेपटीचंच नाव पडलं. संघटनेचे जुने पुढारी डब्ल्यू. जे. पॅरी यांच्यावर लॉर्ड पेनरिन यांनी बदनामीचा दावा लावला आणि १९०३ मध्ये पाचशे पौंड भरपाई मिळवली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संप संपला. मागण्यांपैकी एकही पदरात पडली नव्हती. संपात पुढे असलेल्या अनेकांना पुन्हा काम मिळालंच नाही, आणि गिऱ्हाइकांना एव्हाना परदेशी स्लेटची आणि कौलांची सवय लागली होती.

पराभवापेक्षा ही फूट गावाला जास्त पुरली, असं माझं मत आहे. जमीनदाराशी भांडण सोपं असतं, तो दूर किल्ल्यात राहतो. फुटलेला माणूस मात्र शेजारच्या घरात राहतो, त्याची मुलं आपल्या मुलांच्या वर्गात असतात, आणि कोणाचा आजोबा आत गेला होता हे नातवंडांनाही माहीत असतं. टी. रोलंड ह्यूज यांनी १९४६ साली या संपावर ‘ख्वाल्वा’ ही कादंबरी लिहिली. शीर्षकाचा अर्थच पांगापांग.

याच गावाने वेल्श साहित्यातली एक अजोड कादंबरी दिली. काराडोग प्रिचर्ड १९०४ साली, संप संपल्यानंतर वर्षभरात, बेथेस्डात जन्मले. पाच महिन्यांचे असताना वडील खाणीतल्या अपघातात गेले. आईचं मन ढासळत गेलं आणि तिला डेन्बीच्या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. प्रिचर्ड यांनी १९२७ ते १९२९ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय साहित्योत्सवात कवितेचा मुकुट पटकावला, आणि आयुष्याचा मोठा भाग लंडनमध्ये पत्रकारितेत काढला. ‘ईन नोस ओला लेआद’ ही त्यांची कादंबरी १९६१ची. तिच्यात एक मुलगा, एक आई आणि एक नाव नसलेलं गाव आहे. भाषा बेथेस्डाच्या बोलीची. त्या गावात एकदा दक्षिणेकडच्या संपकरी खाणकामगारांचं गायनमंडळ येतं, तो प्रसंग वाचताना कळतं, की एकेकाळी हेच गाव गात गात इतरांच्या दारी गेलं होतं.

गावाला आणखी एक देणं चुकवायचं होतं, ते धुळीचं. स्लेटच्या धुळीने फुप्फुसं दगडासारखी होत. खाणीच्या डॉक्टरांना मात्र दोष धुळीत दिसत नसे. कामगार फार उकळलेला चहा पितात, हे त्यांचं निदान. कोळसाखाणींतल्यांना भरपाई मिळू लागली तरी स्लेटवाले मागेच राहिले. २८ मार्च १९७९ रोजी जेम्स कॅलहन यांचं मजूर सरकार अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडलं. त्या रात्री प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या तिन्ही खासदारांनी सरकारच्या बाजूने मत दिलं होतं, ते स्लेट कामगारांच्या भरपाईच्या कायद्याच्या बदल्यात. सरकार गेलं, कायदा मात्र जाता जाता मंजूर झाला. तोवर कितीतरी माणसं खोकत गेली होती.

आज खाण चालू आहे, पण यंत्रं जास्त आणि माणसं थोडी. जुन्या खड्ड्यात निळं-हिरवं पाणी साठलं आहे आणि २०१३ पासून त्याच्यावरून तारेला लटकून ताशी शंभर मैलांहून जास्त वेगाने जाता येतं. साखळीचा वेढा मांडीला देऊन लटकणाऱ्यांच्या जागी आता लोक पैसे मोजून लटकतात, यावर काय बोलावं ते वाचकाने ठरवावं. २०२१ साली युनेस्कोने वायव्य वेल्सच्या स्लेट प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सहा भागांपैकी एक पेनरिनची खाण आणि बेथेस्डा यांचा.

पाच हजारांच्या आत वस्तीचं हे गाव वारसा म्हणून नुसतं पडून राहिलेलं नाही. चारांपैकी साधारण तिघं अजून वेल्श बोलतात. १९७४ पासून ‘ल्लाइस ओग्वान’ हे गावचं वेल्श मासिक निघतं. रॉक संगीताची इथली परंपरा जुनी आहे. ‘सुपर फरी ॲनिमल्स’चे ग्रिफ रीस याच गावात वाढले. आणि ओग्वेन नदीवर गावकऱ्यांनी शेअर विकत घेऊन शंभर किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारला, नफा गावच्या कामांसाठी. ज्या खोऱ्यातला डोंगर एका घराण्याचा होता, तिथल्या नदीची वीज आता गावाची आहे. प्रकल्प लहान आहे, पण लॉर्ड पेनरिनना तो नक्कीच चालला नसता.

किल्ला १९५१ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि साखर व गुलामगिरीचा इतिहास तिथे आता उघडपणे सांगितला जातो. तरीही बेथेस्डात अशी घरं आहेत, ज्यांतलं कोणी त्याची पायरी चढत नाही. वेल्सला जाणार असाल तर किल्ला जरूर बघा; राणी व्हिक्टोरियाच्या भेटीसाठी घडवलेला एक टनाचा स्लेटचा पलंग तिथे आहे. पण बँगोरहून आधी बस बेथेस्डाची धरा आणि किल्ला परतीच्या वाटेवर ठेवा. उलट्या क्रमाने गेलात, तर त्या पलंगाची फक्त नक्षी दिसेल.