स्वहितवाद आणि गिरगांवचे रघुनाथराव कर्वे

घरांतील वीस-बावीस वर्षांचें पोर एखादी जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचून संपवितें आणि पुढील आठवडाभर आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांशीं वाद घालीत सुटतें, असा अनुभव दादर-गिरगांवकडील पुष्कळ घरांना असेल. आपण जगावयाचें तें आपल्या सुखासाठीं; दुसऱ्यासाठीं स्वतःचा होम करणें हा सद्गुण नसून दोष आहे; बुद्धीस जें पटत नाहीं तें कोणीही सांगितलें तरी मानूं नये, असा त्या वादाचा मथितार्थ असतो. कादंबरी बहुधा आयन रँड या अमेरिकन लेखिकेची ‘द फाउंटनहेड’ (१९४३) किंवा ‘ॲटलास श्रग्ड’ (१९५७) ही असते. वडील मंडळींपैकीं निम्मी ‘पोरवयाचें खूळ’ म्हणून हंसून सोडतात, निम्मी संतापतात. पुस्तक मात्र उघडून कोणीच पाहत नाहीं. हें बरें नव्हे. पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून उत्तरपक्षास उभें राहण्याचा अधिकार नाहीं, हा शास्त्रार्थाचा जुना दंडक आहे. म्हणून प्रथम बाईंचें म्हणणें त्यांच्याच बाजूनें पाहूं.

रँडबाईंचा जन्म १९०५ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. वडिलांचें औषधांचें दुकान होतें. रशियन राज्यक्रांतीनंतर जनतेच्या नांवानें तें सरकारजमा झालें. १९२६ सालीं बाई अमेरिकेस गेल्या. परहिताचा झेंडा घेऊन दारांत येणाऱ्या माणसाविषयीं त्यांच्या मनांत जो कायमचा संशय बसला, त्याचें मूळ या दुकानांत आहे. त्यांच्या दर्शनास वस्तुनिष्ठवाद म्हणतात. जग आहे तसें आहे, आपल्या इच्छेनें वा नवसानें तें बदलत नाहीं. तें जाणण्याचें साधन एकच, बुद्धि. जीवनाचा हेतु स्वतःचें सुख. आणि माणसामाणसांतील न्याय्य व्यवहार म्हणजे राजीखुशीची देवघेव. येथें स्वार्थ म्हणजे लुच्चेगिरी नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. दुसऱ्यास लुबाडणारा हा बाईंच्या मतें परोपजीवीच. त्याची त्यांना भिकाऱ्याहूनही अधिक चीड.

हें सर्व आपल्यास अगदींच नवें आहे असें नाहीं. पति, पत्नी, पुत्र, वित्त हीं आपल्या आत्म्याकरितांच प्रिय होतात, असें बृहदारण्यकांत याज्ञवल्क्यांनीं मैत्रेयीस सांगितलेंच आहे. मात्र त्यांचा आत्मा सर्वांभूतीं एक असल्यानें त्यांची वाट रँडबाईंच्या उलट दिशेस जाते. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्यां’त (१९१५) आधिभौतिक सुखवादाचें स्वतंत्र प्रकरण लिहून अशा मतांची पायरीपायरीनें छाननी केली आहे, इंग्रजी वादाचा ज्यास कंटाळा असेल त्यानें तें एक प्रकरण वाचलें तरी पुरे. भर्तृहरीनें तर माणसांच्या जातीच लाविल्या: स्वार्थ टाकून परहित करणारे ते सत्पुरुष, स्वार्थास धक्का न लावतां परहित करणारे ते सामान्य, स्वार्थासाठीं परहित मारणारे ते राक्षस, आणि विनाकारण परहित मारणारे, त्यांना काय म्हणावें हें त्यालाही कळेना. या प्रतवारींत रँडबाईंचा नायक दुसऱ्या वर्गांत बसतो. भेद इतकाच कीं भर्तृहरि ज्यास सामान्य म्हणतो त्यास बाई सर्वोत्तम म्हणतात, आणि भर्तृहरीच्या सत्पुरुषास बळीचा बकरा समजतात.

पण कादंबरींतील नायकापेक्षां, याच जातीचीं तत्त्वें घेऊन मुंबईंत प्रत्यक्ष जगलेला माणूस पाहावा. रँडबाईंचें नांव इकडे पोंचण्यापूर्वीं, त्यांच्याशीं कोणताही संबंध नसतां, असा एक गृहस्थ गिरगांवांत काम करून गेला. ते म्हणजे प्रोफेसर रघुनाथ धोंडो कर्वे. बुद्धीखेरीज दुसरें प्रमाण नाहीं. ज्या कृत्यानें दुसऱ्यास अपाय होत नाहीं तें अनीतीचें नव्हे. आपलें सुख मिळविण्याचा हक्क पुरुषाइतकाच स्त्रीसही आहे, हा त्यांच्या लेखनाचा निष्कर्ष. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स यांचें केंद्र निघालें तेंही त्याच सालीं. त्या वेळीं ते चौपाटीवरील विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत. हें काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेंच पडला तेव्हां १९२५ सालीं त्यांनीं नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें. १९३१ सालीं अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालीं पुन्हां खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं वकिली केली, तरी दोनशें रुपये दंड भरावाच लागला. मासिक बंद पडलें नाहीं.

धर्ममार्तंड विरुद्ध, सरकार विरुद्ध, महात्मा गांधींसारखा पुरुषही कृत्रिम साधनांच्या विरुद्ध; आणि तरीही, हिशेब बरोबर असतां उत्तर बदलावयाचें कारण काय, अशी ही गणितज्ञाची स्वस्थता. असा माणूस घडविण्याचें सामर्थ्य या विचारांत आहे, हें विरोधकानेंही मान्य केलें पाहिजे.

आणि ही स्वस्थता कोणाच्या उपयोगीं पडली? आपल्याच घरांतील सुनांच्या. त्यागाचा उपदेश आपल्या घरांत आजवर कोणास केला गेला, हें एकदां प्रामाणिकपणें पाहावें. आलवण नेसून माजघरांत राबणाऱ्या बालविधवेस केला गेला. आठव्या-नवव्या बाळंतपणास खंगलेल्या देहानें सामोरी जाणाऱ्या सुनेस केला गेला. ‘केवढा तिचा त्याग!’ असें मागाहून आपण म्हणत आलों, पण तुला हें हवें आहे का, असें तिला कोणीं विचारलें नव्हतें. न करण्याचीही मोकळीक असतां जो केला जातो तो त्याग. बाकीची वसुली होय. त्याग कोणाचा आणि तो गोळा कोण करतो, हा रँडबाईंचा प्रश्न एकत्र कुटुंबानें तरी उद्धट म्हणून उडवून लावूं नये.

देवघेवींत स्वाभिमान राहतो, हाही त्यांचा मुद्दा खोटा नाहीं. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतच सात गुजराती बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतून ‘लिज्जत’ उभें राहिलें. देणगी घ्यावयाची नाहीं, हा त्यांचा दंडक. रँडबाई येथवर टाळ्या वाजवितील. पण त्या संस्थेंत मालक-नोकर हा भेद नाहीं, नफातोटा साऱ्या बहिणी वांटून घेतात, हें ऐकल्यावर त्यांचे हात थबकतील. तत्त्वाचा उपयोगी भाग उचलून बाकीचा ठेवून देण्याचें शहाणपण बायकांजवळ असतें. राजीखुशीचेंही तेंच. लालबाग-परळला रोज सकाळीं गिरणीच्या दारांत उभा राहणारा बदली कामगार आपल्या खुशीनेंच मजुरी पत्करीत असे, असें म्हणावयाचें असेल, तर ‘खुशी’ या शब्दासाठीं निराळा कोश करावा लागेल.

परंतु खरा दोष याहून खोल आहे. ‘ॲटलास श्रग्ड’मध्यें एक दृष्टांत आहे. आईनें नव्या टोपीऐवजीं भुकेल्या मुलासाठीं अन्न घेतलें तर तो त्याग नव्हे, कारण तिला मूल टोपीहून प्रिय आहे. टोपी अधिक प्रिय असून केवळ कर्तव्य म्हणून अन्न घेतलें तर मात्र तो त्याग, आणि म्हणून निंद्य. युक्तिवाद चपखल आहे. पण तापानें फणफणलेलें मूल मांडीवर घेऊन ज्यानें रात्र काढली आहे त्यास येथील न्यून कळेल. पहाटे तीन वाजतां मूल अधिक प्रिय कीं झोंप, याचा खरा जबाब आईलाही देतां यावयाचा नाहीं. त्या घटकेस आवडीनिवडीचा तराजू बंद असतो. ती उठते ती उठावयाचें असतें म्हणून. माया सकाळीं परत येते. अंथरुणास खिळलेल्या, माणसें न ओळखणाऱ्या सासऱ्यांच्या बाबतींत ती सकाळींही येईलच असें नाहीं, आणि तरी त्यांचें अंथरूण बदलावेंच लागतें.

देवघेवीस दोन सज्ञान, धडधाकट पक्ष लागतात. आपण मात्र जन्मास येतों ते देणेकरी म्हणून. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशीं ऋणें शास्त्रकारांनीं सांगितलीं. त्यांतील कर्मकांड वाटल्यास बाजूस ठेवा, पण अन्न, भाषा, विद्या हीं आपण करार न करतां घेतलीं, हें तरी वस्तुनिष्ठ सत्यच आहे. रँडबाईंच्या जमाखर्चांत ही आरंभींची बाकी ओढलेलीच नाहीं. त्यांच्या कादंबऱ्यांत मुलें जवळजवळ नाहींत, हा आक्षेप पुष्कळांनीं घेतला आहे आणि तो वाजवी आहे. (स्वतःच्या बुद्धीनें चाला, असें सांगणाऱ्या बाईंच्या भोंवतालच्या मंडळींत बाईंशीं मतभेद असणाऱ्याचा निभाव लागणें कठीण असे, ही त्यांतील आणखी एक गंमत.)

रघुनाथराव तरी या जमाखर्चांत कोठें बसतात? प्रोफेसरी गेली, सव्वीस वर्षें चालविलेल्या मासिकानें श्रीमंती दिली नाहीं. आपल्यास मूल नको असा त्यांचा व पत्नी मालतीबाईंचा निश्चय. म्हणजे ज्या बाळंतपणांची त्यांना चिंता तीं सारीं परक्यांचीं. रँडपंथी म्हणेल, हें कार्य त्यांना प्रिय होतें, सबब तो स्वार्थच. असें म्हणतां येईल. पण मग तर्कशास्त्रांतील अतिव्याप्तीचा दोष येतो. जें लक्षण रघुनाथरावांस, हिंगण्याच्या झोपडींत विधवांचा आश्रम चालविणाऱ्या त्यांच्या वडिलांस आणि केवळ स्वतःची तिजोरी भरणाऱ्या सावकारासही सारखेंच लागूं पडतें, त्या लक्षणानें ओळखावें तें काय? पिता अण्णासाहेब हे ‘निष्काम कर्म मठ’ (१९०८) स्थापणारे, पुत्र निरीश्वरवादी व सुखवादी. मतें पाहिलीं तर दोन टोकें. दिनक्रम पाहिला तर दोघेही लोकांच्या शिव्या खात स्त्रियांच्याच कामास लागलेले.

१९५२ सालीं स्वतंत्र भारताच्या सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. पुढच्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं, रघुनाथराव वारले, आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ थांबलें. अण्णासाहेब त्यांच्यामागें आणखी नऊ वर्षें जगले. १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न मिळालें.